उत्तर कशाकशावर ठरतं?

नवी सांगवीत कृष्णा चौकापासून साई चौकापर्यंत पायी गेलं, तरी 'फंक्शनल' हा शब्द दोन-तीनदा कानावर पडतो. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं इथे गल्लोगल्ली खोल्या करून राहतात. चहाच्या टपरीवर ओळख होते तीच या प्रश्नाने: "तू टेक्निकल की फंक्शनल?" कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची ती वाटणी. कोड लिहितो तो टेक्निकल. कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन समजून घेऊन यंत्रणा बसवून देतो तो फंक्शनल. टेस्टिंगवाल्यांचं फंक्शनल आणखी निराळं: बटण दाबल्यावर व्हायला हवं ते होतं की नाही, एवढंच ते तपासतात. आणि घरी आमच्या आईला विचाराल, तर फंक्शन म्हणजे कुणाचा तरी साखरपुडा.

म्हणून 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग' म्हटलं की ऐकणारा आपापल्या परीने अर्थ लावून घेतो. कुणाला तो सॅपचा कोर्स वाटतो, कुणाला 'कामाचा, चालणारा प्रोग्रॅम'. माझी भाची आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग झाली. गेल्या महिन्यात तिला इंटरव्ह्यूमध्ये हाच प्रश्न आला. तिने सांगितलं: मॅप, फिल्टर, रिड्यूस, लॅम्डा. समोरच्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मामा, उत्तर बरोबर धरलं त्यांनी. पण मला ते कळलेलंच नाहीये."

ते वाक्य मला लागलं. मी २५ वर्षांहून जास्त काळ प्रोग्रॅम लिहितोय. आधी भोसरीत लोखंड कापणाऱ्या मशीनसाठी लिहायचो, आता लहान वर्कशॉपच्या उत्पादनाच्या हिशेबासाठी लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे: फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही नवी भाषा नाही, नवी फॅशनही नाही. एखादं उत्तर कशाकशावर ठरतं ते लपवायचं नाही, ही ती शिस्त आहे. पिंपरी-चिंचवडच्या, चाकणच्या शॉप फ्लोअरवर ही शिस्त रोज कुणाच्या ना कुणाच्या हातून पाळली किंवा मोडली जाते. आणि तरी आपल्या मुलांना आपण तिच्या जागी चार शब्द पाठ करून पाठवतो.

मला ही गोष्ट कळली ती एका मोडलेल्या ड्रिलमुळे. साल २००१. भोसरी एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप, व्हीएमसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी तीन मिलिंग-ड्रिलिंग मशीन, थर्ड शिफ्ट. जॉब होता २०० मिलिमीटर लांबीची एक प्लेट. तिला डावीकडे ओळीने चार होल, २५-२५ मिलिमीटरच्या पिचवर, आणि पुढे एक होल वेगळं. चार होलसाठी माझ्याकडे जुना सबप्रोग्रॅम तयार होता. दुसऱ्या एका जॉबवर तो दोन वर्षं एकही तक्रार न येता चालला होता. मी तो उचलला आणि मेन प्रोग्रॅममधून एम-९८ ने बोलावला.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मशीनला माप दोन प्रकारे सांगता येतं. जी-९० म्हणजे प्रत्येक माप जॉबच्या झीरोपासून. जी-९१ म्हणजे प्रत्येक माप टूल आत्ता जिथे उभं आहे तिथून. आणि हे कोड मोडल असतात: एकदा जी-९१ सांगितलं, की दुसरं सांगेपर्यंत मशीन त्यातच राहतं. माझ्या सबप्रोग्रॅममध्ये पिच मोजायला जी-९१ घेतलं होतं. चार होल मारून झाली की एम-९९, म्हणजे मेन प्रोग्रॅमकडे परत. परत येताना जी-९० लावलेलं नव्हतं.

होल पडली २०, ४५, ७० आणि ९५ वर. अगदी मापात. मेन प्रोग्रॅमची पुढची ओळ होती एक्स १२०. मी लिहिताना मनात धरलं होतं, झीरोपासून १२०. मशीनने ९५ मध्ये १२० मिळवले आणि ते २१५ कडे रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, निघालं. प्लेट २०० ची. तिच्या टोकाला क्लॅम्प, क्लॅम्पचा स्टड वर आलेला, आणि ड्रिल पृष्ठभागापासून जेमतेम ५ मिलिमीटर उंचीवर. आवाज आला तेव्हा माझा हात इमर्जन्सीच्या बटणापर्यंत पोचलाही नव्हता. ड्रिल तुटलं, स्टड वाकला. दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही.

सकाळी सुपरवायझर म्हणाले, "सबप्रोग्रॅम दोन वर्षं चालतोय, त्याला काय झालंय? तू मेनमध्ये जी-९० टाकायला विसरलास." मी चूक कबूल केली. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. जुन्या जॉबमध्ये सबप्रोग्रॅमनंतरच्या ओळीत जी-९० योगायोगाने होतं, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही.

आज मला वाटतं, चूक कुठे आहे त्याचा पत्ताच चुकला होता. ओळ विसरलो ती मीच, पण खोट सबप्रोग्रॅममध्ये होती. त्याला काम दिलं होतं चार होल मारायचं. त्याने चार होल मारली, आणि जाता जाता मशीनची मापाची रीतही बदलून ठेवली, कुणाला न सांगता. त्याच्या कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या एक्स १२० या ओळीचा अर्थ त्या ओळीत उरला नव्हता. तो आधी काय काय घडून गेलं यावर लटकला होता. प्रोग्रॅमिंगच्या जगात याला साइड इफेक्ट म्हणतात. फंक्शनल प्रोग्रॅमिंगचं सगळं वैर याच्याशी आहे.

आता तो शब्दच बघा. गणितात फंक्शनला मराठीत फल किंवा फलन म्हणतात. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा बरा वाटतो. ७ चा वर्ग ४९. तो काल ४९ होता, थर्ड शिफ्टला ४९ असतो, आधी ६ चा वर्ग काढलेला असो वा नसो, ४९ च. आणि ७ चा वर्ग काढल्याने जगात दुसरं काही हललं, असं होत नाही. बी तेच तर फळ तेच. इतकं साधं. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधलं 'फंक्शन' ते हेच. प्रोग्रॅमच्या भाषेत आपण ज्याला सर्रास फंक्शन म्हणतो ते पुष्कळदा नुसतं कामांचं गाठोडं असतं: काही मोजायचं, काही पुसायचं, काही लिहून ठेवायचं. दोन्हींना एकच नाव पडलं आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

चाकणला ऑटोमेशनचं काम करणाऱ्यांसमोर हा गोंधळ निदान कागदावर तरी कधीच सोडवलेला आहे, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही याचं मला नवल वाटतं. पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, प्रोग्रॅमिंगचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयईसी ६११३१ चा तिसरा भाग, ते पहिल्यांदा १९९३ साली आलं. त्यात 'फंक्शन' आणि 'फंक्शन ब्लॉक' अशा दोन वेगळ्या जाती आहेत. फंक्शनला स्मरण नसतं: बेरीज, गुणाकार, दोघांतला मोठा आकडा, आकडा मर्यादेत आणणं. तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट. फंक्शन ब्लॉकला स्मरण असतं: टायमर, काउंटर. काउंटरला तोच सिग्नल पुन्हा दिला तर उत्तर बदलतं, कारण आधी किती मोजलं ते त्याच्या पोटात असतं. असेम्ब्ली लाइनवर पीएलसी लावणारा डिप्लोमाचा मुलगा ही दोन्ही रोज वापरतो. यातलं पहिलं ते फलन आणि दुसरं ते स्मरण असलेलं यंत्र, आणि या दोघांतली रेघ कळणं म्हणजेच फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा अर्धा अभ्यास, हे त्याला कुणी सांगत नाही.

दुसरा अर्धा भाग असा की, इथे फलन ही हातात धरायची वस्तू मानतात. आकडा जसा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो, तसं फलनही देता येतं. हेही आम्ही मशीनवर करतोच. होलच्या जागांची यादी सबप्रोग्रॅममध्ये एकदाच लिहायची आणि ती तीनदा बोलवायची: सेंटर ड्रिलला जी-८१ लावून, खोल ड्रिलला जी-८३, टॅपला जी-८४. यादी एक, तिच्यातल्या प्रत्येक जागेवर करायची क्रिया निराळी. भाचीने इंटरव्ह्यूत सांगितलेला 'मॅप' तो हाच. फरक एवढा की आमच्याकडे कोणती सायकल चालू आहे हे सबप्रोग्रॅमच्या हातात दिलेलं नसतं, ते मशीनच्या स्मरणात बसलेलं असतं. फंक्शनल पद्धतीत ते हातात द्यावं लागतं.

आणि एक्सेल. आपल्या पट्ट्यात कुठल्याही वर्कशॉपच्या केबिनमध्ये जा, कॉस्टिंगची शीट उघडी असते. एका सेलमध्ये मटेरियलचं वजन, एकात किलोचा दर, एकात सायकल टाइम साडेचार मिनिटं, एकात मशीन अवर रेट ४५० रुपये. पलीकडे फॉर्म्युला: मशीनिंगचे ३३ रुपये ७५ पैसे. स्टीलचा दर बदला, सगळी शीट त्या क्षणी नवी होते. कुणी 'आधी हे मोज, मग ते मोज' असं सांगितलेलं नसतं. प्रत्येक सेल फक्त सांगतो, मी कोणाकोणावर ठरतो. आणि फॉर्म्युला दुसऱ्या सेलमध्ये जाऊन गुपचूप काही लिहू शकत नाही. कॉमर्स शिकलेला आमचा स्टोअरचा माणूस वीस वर्षं फंक्शनल प्रोग्रॅमिंग करतो आहे, फक्त त्याच्या रेझ्युमेवर ते नाही. एक्सेलने तर डिसेंबर २०२० मध्ये लॅम्डा नावाचं फंक्शनच आणलं, ज्याने आपलं स्वतःचं फलन कोड न लिहिता घडवता येतं.

पण एक्सेलमध्येही खाच आहे. काही वर्षांपूर्वी मी एका वर्कशॉपच्या कोटेशनच्या शीटमध्ये तारखेसाठी 'टुडे' हा फॉर्म्युला घातला. दर ३० दिवसांसाठी बांधील, असं खाली लिहिलेलं, मुदतीची तारीखही त्याच्यावरून निघायची. चार महिन्यांनी ग्राहकाने मूळ फाइल उघडली, तर कोटेशन आजचं आणि मुदत अजून ३० दिवस पुढे. त्याने ऑर्डर लावली. मधल्या काळात स्टीलचे दर चढले होते. मालकांनी शब्द पाळला आणि तोटा सोसला. त्या शीटमधला प्रत्येक आकडा बरोबर होता. फक्त 'आज' नावाचं एक इनपुट, जे कुठल्याच सेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, मागच्या दाराने आत येत होतं.

ही सगळी विचारसरणी संगणकाहून जुनी आहे. अलॉन्झो चर्च या गणितज्ञाने १९३० च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं. त्यात साठवण्याची खोकी नाहीत, फलन बनवायचं आणि लावायचं, बस. १९३६ साली अॅलन ट्युरिंगने लिहीत-पुसत जाणाऱ्या पट्टीचं यंत्र कल्पिलं, आणि दोघांची ताकद एकसारखी निघाली. पुढे कारखान्यात आलं ते पट्टीचं यंत्र. चर्चची वाट जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेतून, १९५८ पासून, चालू राहिली. मला यात सर्वात मोठं धैर्य वाटतं ते जॉन बॅकस यांचं. १९५७ मध्ये आयबीएममध्ये फोरट्रान घडवणाऱ्या गटाचे ते प्रमुख. १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनी फोरट्रानसारख्या भाषांची अख्खी घडणच अपुरी आहे असं मांडून फलनांवर उभ्या राहणाऱ्या रीतीचा पुरस्कार केला. ज्या कामाने नाव दिलं त्याच्याच मर्यादा भर सभेत दाखवायच्या, हे सोपं नव्हे.

आपल्यालाही हे लांबचं नाही. सांगवीतून मुळेवरचा पूल ओलांडला, की औंध, आणि पुढे गणेशखिंडीत विद्यापीठ. मार्क जोन्स यांनी १९९१ साली गोफर ही फंक्शनल भाषा काढली. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात ती शिकवायला घेतली, इतकंच नाही तर शिकवण्यासाठी तिच्यात बदल करून पुगोफर नावाची आपली आवृत्ती घडवली. 'पु' पुण्याचा. मी तेव्हा दापोडीहून नाशिक फाटा, तिथून भोसरी असा रोज जायचो. पाच-सहा किलोमीटरवर कुणी या प्रश्नावर इतक्या निष्ठेने काम करतंय, याची मला गंधवार्ता नव्हती. ती विद्या नदीच्या अलीकडे आली असती, तर माझं ड्रिल वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण सुपरवायझरना काय उत्तर द्यायचं, ते मला सुचलं असतं.

एक आक्षेप मी स्वतःच घेत आलोय, तो टाळून चालणार नाही. मशीनचं कामच मुळी जग बदलण्याचं आहे. स्पिंडल फिरलं पाहिजे, चिप उडाली पाहिजे, प्लेटला होल पडलं की ते परत बुजत नाही. ज्याने काहीच बदलत नाही तो प्रोग्रॅम काय कामाचा? बरोबर आहे. पण फंक्शनल पद्धत बदलाला नाही म्हणत नाही, ती त्याला वेगळं बसवते. टूल कुठून कुठे जाणार ही आकडेमोड एकीकडे: तिथे सगळी फलनं, कितीदाही करा, कागदावर तपासा, घरी बसून तपासा. प्रत्यक्ष टूल हलवणं दुसरीकडे, शक्य तितकं थोडं आणि सगळ्यांना दिसेल असं. १९९० साली आलेल्या हॅस्केल भाषेत तर बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या कामाच्या अंगावरच तशी खूण असते; ती लपवून ठेवता येत नाही. माझ्या सबप्रोग्रॅमवर अशी खूण असती, 'हा मापाची रीत बदलतो', तर मी तो डोळे मिटून उचलला नसता.

वेग आणि मेमरीचाही प्रश्न आहे. जुनं पुसून त्याच जागी नवं लिहिण्याऐवजी दरवेळी नवी प्रत करायची, तर जागा लागते. बोटभर मेमरीच्या कंट्रोलरवर मीही तसं करणार नाही. आणि काउंटरने मोजलेलं लक्षात ठेवलंच पाहिजे, नाहीतर शिफ्टचं प्रॉडक्शन सांगणार कोण. मी 'सगळं फंक्शनलच लिहा' म्हणणाऱ्यांतला नाही. स्मरण हवं तिथे ठेवा, पण ते कुठे आहे हे दारावर लिहा.

उलट फायदा किती मोठा होतो ते गुगलने दाखवलं. २००४ साली जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूसचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. काम हजारो साध्या मशीनवर वाटायचं. त्यातली काही मधेच बंद पडणार हे धरूनच चालायचं. एखादी बंद पडली, तर तिच्या वाट्याचा तुकडा दुसरीवर पुन्हा चालवायचा. हे जमतं, कारण त्या तुकड्याचं उत्तर फक्त त्याला दिलेल्या माहितीवर ठरतं. पुन्हा चालवलं, तरी तेच. नावं त्यांनी लिस्पच्या परंपरेतून घेतली, पण जादू नावांत नाही.

आणि इथेच माझी तक्रार आहे. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आलं आणि त्यानंतर मॅप, फिल्टर, रिड्यूस हे शब्द नोकरीच्या जाहिरातीत, क्लासच्या फलकांवर, सगळीकडे दिसू लागले. भाचीच्या कॉलेजच्या पुस्तकात फंक्शनल प्रोग्रॅमिंग शेवटच्या युनिटमध्ये होतं, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर घाईत उरकायचं. मग मुलं काय करतात? मॅप लिहितात, आणि त्या मॅपच्या आत बाहेरची एक टोटल वाढवत बसतात. कपडे फंक्शनल, चाल जुनीच. जी-कोड पाठ आहेत म्हणून कुणाला आम्ही सेटर मानत नाही. जॉब समोर ठेवतो आणि झीरो कुठे घेशील ते विचारतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनीही दहा ओळींचा कोड समोर ठेवून विचारावं: याचं उत्तर कशाकशावर ठरतं, सगळं सांग. ज्याने यादी पुरी केली त्याला विषय कळला. आणि हे शिकवायला इंग्रजीची, हॅस्केलची वाट बघायची गरज नाही. आयटीआयमध्ये जी-९० शिकवताना, शाळेत फल शिकवताना, एक्सेलच्या पहिल्या तासाला, तिथल्या तिथे, मराठीत सांगता येतं. शिकवणाऱ्याने फक्त एकदा थांबायला हवं.

भाचीला मी असंच सांगायला गेलो आणि तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ड्रिलची गोष्ट तिला मामाची गोष्ट वाटली. मग तिचंच प्रकरण निघालं.

जुन्या सांगवीत आमची ३२ फ्लॅटची सोसायटी. तिने प्रोजेक्ट म्हणून सोसायटीला मेंटेनन्सच्या बिलांचा प्रोग्रॅम करून दिला होता. महिन्याचे १,८०० रुपये, मुदतीत न भरल्यास १०० रुपये दंड. 'बिल काढा' असं एक बटण. दोन महिने छान चाललं. तिसऱ्या महिन्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला, म्हणून सेक्रेटरी काकांनी बटण पुन्हा दाबलं. ज्यांचं बिल थकलं होतं त्या अकरा घरांचा दंड दुप्पट आला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बिल हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांची पेन्शन उशिरा येते. १०० रुपये त्यांनी कधी नाकारले नव्हते. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बाळा, मी दोनदा उशीर केला का गं?"

भाचीने त्या रात्री आकडे हाताने दुरुस्त केले. पण प्रोग्रॅम तसाच होता. मी तिला तोच उघडायला लावला. बिल काढणारं तिचं फंक्शन दोन कामं करत होतं: बिलाची रक्कम मोजायचं, आणि मोजता मोजता दंड खात्याच्या बाकीत जमा करून टाकायचं. दुसऱ्यांदा दाबलं की मोजणी वाढलेल्या बाकीवर. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, हे तुझ्या सबप्रोग्रॅमसारखंच आहे."

आम्ही लॅपटॉप बाजूला ठेवला आणि वहीचं पान घेतलं. मधोमध उभी रेघ. डावीकडे बिलाला काय काय द्यावं लागतं, उजवीकडे काय मिळतं. उजवीकडे एकच गोष्ट: बिल. खात्यात लिहिणं तिने रेघेच्या पार खाली, वेगळ्या चौकटीत टाकलं. ते सेक्रेटरी काकांनी बिलं तपासून 'पक्कं करा' म्हटल्यावरच आणि महिन्यातून एकदाच होणार. डावीकडे तिने भराभर लिहिलं: मागची बाकी, महिन्याचा मेंटेनन्स, भरण्याची शेवटची तारीख, दंडाचा दर. चार ओळी. पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, "मुदत उलटली की नाही, हे त्याला कसं कळणार?"

"शेवटची तारीख दिलीये ना त्याला."

"ती दिलीस. पण आज कोणती तारीख आहे?"

"ते कॉम्प्युटरलाच वि..." ती मधेच थांबली. कोटेशनची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नव्हती. बाहेर दापोडीकडून येणारी लोकल पुलावरून जाण्याचा आवाज आला आणि विरला. तिने पेन उचललं आणि डाव्या रकान्यात, दंडाच्या दराखाली, पाचवी ओळ लिहिली: आजची तारीख.